उघडायला आधी कोठार हवे

मारुंजीच्या टेकडीवर संध्याकाळी उभे राहिले की खाली तीन वस्त्या एका नजरेत येतात. पलीकडे हिंजवडीच्या आयटी पार्कच्या काचेच्या इमारती, अलीकडे गेल्या काही वर्षांत उठलेल्या सोसायट्यांचे मनोरे, आणि मधल्या मोकळ्या जागांत बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या. रमजानमध्ये सूर्य मावळला की त्या पत्र्याच्या खोल्यांपैकी काहींत रोजा सोडला जातो. मिळाली तर एखादी खजूर, नाही तर पाण्याचा घोट आणि डाळभात. शेजारच्या खोलीत नांदेड किंवा यवतमाळकडचा मजूर राहतो. त्याचा रोजा नाही. पण उद्या दोन्ही वेळचे जेवण मिळेलच, याची खात्री त्यालाही नाही. एकाची भूक इबादतीची, दुसऱ्याची नाइलाजाची. रोजा माणसाला पहिली भूक अनुभवायला लावतो, ते दुसरी भूक ओळखता यावी म्हणून.

२०२१ मध्ये पहिला रोजा १४ एप्रिलला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीच्या दिवशी आला. त्याच रात्री ८ वाजल्यापासून राज्यात ‘ब्रेक द चेन’चे कडक निर्बंध लागू झाले. सलग दुसऱ्या वर्षी तरावीहची नमाज घरातच झाली, इफ्तारच्या दावती बंद राहिल्या. ते योग्यच होते. जीव वाचवणे हे कोणत्याही जमातीच्या नमाजीइतकेच मोठे कर्तव्य आहे, हे उलेमांनीही सांगितले आहे. मात्र दावती बंद झाल्या म्हणून रमजानमधील दुसरे कर्तव्य, म्हणजे भुकेल्याला जेवू घालण्याचे, बंद होत नाही. साथीच्या काळात ते अधिक अवघड होते आणि म्हणूनच अधिक नीट करावे लागते.

सरकारने काही केले नाही, असे म्हणता येणार नाही. निर्बंध जाहीर करतानाच राज्य सरकारने ५ हजार ४७६ कोटी रुपयांचे मदतीचे पॅकेज जाहीर केले. अन्नसुरक्षा योजनेच्या सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांना माणशी ३ किलो गहू आणि २ किलो तांदूळ एक महिना मोफत देण्याचा निर्णय झाला. २६ जानेवारी २०२० रोजी १० रुपयांत सुरू झालेली आणि पहिल्या टाळेबंदीत ५ रुपयांवर आलेली शिवभोजन थाळी महिनाभर मोफत करण्यात आली. नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरेलू कामगार, फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर झाले. केंद्रानेही मे आणि जून २०२१ या महिन्यांसाठी माणशी ५ किलो मोफत धान्य देऊ केले.

या यादीतला प्रत्येक शब्द मोलाचा होता, पण त्यातले ‘नोंदणीकृत’, ‘परवानाधारक’ आणि ‘लाभार्थी’ हे तीन शब्द मारुंजीत येऊन अडखळले.

कागद गावाकडे, भूक इथे

बांधकाम कामगाराची नोंदणी व्हायची तर मागील वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आज या ठेकेदाराकडे, उद्या त्या ठेकेदाराकडे जाणाऱ्या मजुराला तो दाखला कोण देणार? त्याचे रेशनकार्ड बिहार, झारखंड किंवा मराठवाड्यातल्या घरी आईच्या पेटीत असते. एका राज्याचे कार्ड दुसऱ्या राज्यात चालावे, अशी सोय कागदावर झाली आहे. पण त्यासाठी आधारची जोडणी नीट असावी लागते, दुकानातल्या यंत्राने अंगठा ओळखावा लागतो आणि मुळात ही सोय आहे हे त्या मजुराला ठाऊक असावे लागते. ज्यांचे कार्ड इथलेच आहे, त्यांचीही गत वेगळी नाही. केशरी कार्डावर अन्नसुरक्षेचा शिक्का नसेल, तर दुकानदार हात जोडतो.

हद्दीचाही प्रश्न आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द वाकड, ताथवडे, पुनावळे इथे संपते. पलीकडचे मारुंजी हे मुळशी तालुक्यातले ग्रामपंचायतीचे गाव. लोकवस्ती शहराची, यंत्रणा गावाची. शहराच्या मदतीची गाडी जिथून मागे वळते, तिथून या गावाच्या चाळी सुरू होतात.

मजुरांखेरीज आणखी एक वर्ग इथे आहे, ज्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही. मार्च २०२० मध्ये आयटी कंपन्यांचे काम घरून सुरू झाले. अभियंते आपापल्या गावी, आपापल्या शहरी गेले. संगणक घरी नेता येतो. चहाची टपरी, खानावळ, इस्त्रीचे दुकान घरी नेता येत नाही. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासणारी बाई, रात्रपाळीची कॅब चालवणारा तरुण, पीजीतल्या वीस मुलींच्या पोळ्या लाटणारी मावशी, कार्यालयाच्या काचा पुसणारा पोरगा यांच्या कमाईचा आधार त्या अभियंत्यांची रोजची ये-जा हाच होता. वर्षभरात त्यांची शिल्लक संपली. हे लोक रांगेत उभे राहणारे नव्हते. तोपर्यंत ते घरभाडे वेळेवर देत होते, मुलाला इंग्रजी शाळेत घालत होते. २०२१ मध्ये त्यांच्या घरातला पिठाचा डबा तळाला गेला होता आणि ते कुणाला सांगवत नव्हते.

त्यातच साथीची स्वतःची भूक असते. घरातले दोघे गृहविलगीकरणात गेले की पैसे असूनही चूल पेटत नसे. रुग्णाला पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात किंवा नेहरूनगरच्या जम्बो केंद्रात दाखल केले की नातेवाईक दिवसभर फाटकाबाहेर उपाशी बसे. किराणा दुकाने सकाळी ७ ते ११ या वेळेतच उघडी असत. ज्याच्या हाती दिवसाची मजुरी संध्याकाळी पडे, त्याला त्या पैशाचे पीठ दुसऱ्या दिवशी सकाळी आणावे लागे, आणि सकाळी तो कामाच्या शोधात असे.

पहिल्या पंधरवड्याची मदत

मारुंजी-हिंजवडीच्या लोकांचे मन मोठे नाही, असे कोण म्हणेल? २०२० च्या टाळेबंदीत पिंपरी-चिंचवड ते चाकणपर्यंतच्या पट्ट्यात गणेश मंडळांनी खिचडी शिजवली, सोसायट्यांनी शिध्याची पाकिटे बांधली, मशिदींनी आणि गुरुद्वारांनी डबे पोहोचवले. हिंजवडीत विप्रोने आपल्या कार्यालयाचे ४५० खाटांच्या रुग्णालयात रूपांतर केले. माणुसकी कमी पडली नाही.

कमी पडले ते सातत्य. पहिल्या पंधरवड्यात एकाच वस्तीत दिवसातून तीन गाड्या खिचडी घेऊन येत आणि मागच्या गल्लीत एकही जात नसे. उरलेली खिचडी संध्याकाळी आंबून जाई. महिना उलटला तशा गाड्या विरळ झाल्या, आणि गरज मात्र त्याच सुमारास वाढू लागली, कारण तोवर लोकांची हातची पुंजी संपली होती. मदत भावनेच्या वेगाने आली आणि भावनेच्या वेगानेच ओसरली.

२०२१ ची दुसरी लाट पहिलीपेक्षा कितीतरी भयंकर होती. घराघरांत आजारी माणसे होती. आदल्या वर्षी ज्यांनी खिचडीच्या देगी उचलल्या, त्यांच्यापैकी कित्येक जण तेव्हा ऑक्सिजनसाठी धावत होते. अशा वेळी ‘लोक काहीतरी करतील’ यावर विसंबून चालणार नाही.

महाराष्ट्राला मंगळवेढ्याच्या संत दामाजीपंतांची कथा सांगावी लागत नाही. दुष्काळात लोक अन्नान्न करून मरू लागले, तेव्हा बिदरच्या बादशहाचे धान्याचे कोठार दामाजीपंतांनी लोकांसाठी खुले केले. पुढे बादशहाने जाब विचारला आणि खुद्द विठ्ठलाने विठू महार होऊन त्या धान्याची किंमत चुकती केली, असे लोकपरंपरा सांगते. कथेतली करुणा सर्वांना आठवते. पण तिच्यातली एक साधी व्यवहाराची गोष्ट नजरेतून निसटते. दामाजीपंतांपाशी उघडायला कोठार होते. संकट येण्याआधी कुणीतरी ते पोत्यापोत्याने भरले होते. कोठारच नसते, तर मोठ्या मनाच्या त्या माणसालाही लोकांबरोबर रडण्यापलीकडे काय करता आले असते?

धान्य बँकेचा अर्थ एवढाच. थोडे थोडे, ठरलेल्या मापाने, ठरलेल्या दिवशी भरत राहायचे आणि गरज पडेल तेव्हा उघडायचे.

फित्र्याचे माप

या शिस्तीचा एक जुना नमुना रमजानमध्येच आहे. त्याला सदका-ए-फित्र किंवा नुसते फित्रा म्हणतात. जकात ही बचतीवर वर्षाकाठी अडीच टक्के द्यायची असते. फित्रा वेगळा. तो माणशी आहे. घरातल्या प्रत्येक व्यक्तीमागे, ईदच्या पहाटेपूर्वी जन्मलेल्या तान्ह्या बाळाच्या नावानेसुद्धा, तो द्यावा लागतो. त्याचे माप ठरलेले आहे: हनफी पद्धतीप्रमाणे साधारण पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत, काही ठिकाणी ते दोन किलोंच्या आसपास धरतात. त्याची वेळही ठरलेली आहे: ईदच्या नमाजेआधी. आणि तो केवळ श्रीमंतांवर नाही. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी, म्हणजे २०२१ च्या भावाने सुमारे चाळीस हजार रुपयांची, गरजेपेक्षा जास्तीची मत्ता ज्याच्याकडे आहे, त्याच्यावर तो येतो. म्हणजे रिक्षावाला, शिंपी, शिक्षक, कारखान्यातला फिटर यांपैकी बरेच जण त्यात येतात.

फित्रा देताना मनाला पाझर फुटला आहे की नाही, हे कुणी विचारत नाही. गरिबाची ईद दुसऱ्याच्या मनःस्थितीवर सोडायची नाही, हा त्यामागचा विचार आहे.

आता थोडा हिशेब. पाच माणसांच्या कुटुंबाचा फित्रा पावणेनऊ किलो होतो. अशी १०० कुटुंबे एकत्र आली तर ८७५ किलो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील व्यक्तीला महिन्याला ५ किलो धान्याचा हक्क दिला आहे. त्या मापाने चार माणसांच्या चाळीसहून अधिक कुटुंबांचा महिन्याचा शिधा या शंभर घरांतून उभा राहतो, आणि तोही वर्षातून एकदा काढलेल्या, घरटी दहा किलोंच्या आतल्या धान्यातून.

त्यात फिदियाची भर घालता येईल. जो म्हातारपणामुळे किंवा कायमच्या आजारामुळे रोजा ठेवूच शकत नाही, त्याने प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाच्या दोन वेळच्या जेवणाची, म्हणजे एका फित्र्याएवढ्या धान्याची, सोय करायची असते. कोरोनातून बरा होणाऱ्याला ही सवलत नाही. त्याने रोजे नंतर भरून काढायचे. पण मधुमेहाने खंगलेल्या एखाद्या आजीचे तीस रोजे म्हणजे बावन्न किलोंहून अधिक गहू. घरोघरी असा एखादा वडीलधारा असतोच. हे धान्य आजवर ओळखीच्या चार दारांत वाटले जाते. ते एकत्र आले, तर त्याचे कोठार होते.

असेच माप मारुंजीतले प्रत्येक घर आपल्या परंपरेतून काढू शकते. मराठी घरात पूर्वी रोजच्या स्वयंपाकाआधी मूठभर धान्य बाजूला काढण्याची रीत होती. शीख बांधव लंगर चालवतात. वारकऱ्यांच्या फडांना हजारोंच्या पंगती बसवायचा सराव आहे. जैन बांधवांची जीवदया आहे. नाव काहीही असो. माप आणि दिवस मात्र ठरलेला हवा.

कुणाला द्यायचे?

इथे एक प्रश्न उघडपणे घ्यायला हवा. जकात कुणाला द्यावी, याचे शरियतमध्ये नियम आहेत आणि बहुसंख्य उलेमांच्या मते ती गरजू मुस्लिमांनाच द्यायची असते. हे माहीत असलेला मुस्लिम दाता विचारतो, सर्वधर्मीय धान्य बँकेत पैसे दिले तर माझी जकात अदा होईल का? प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर अवघड नाही. बँकेने दोन वह्या ठेवाव्यात. एक जकातीची, ती नियमाप्रमाणे खर्चावी. दुसरी सदका, खैरात आणि देणग्यांची, जिला धर्माची अट नाही. घेणाऱ्याच्या हाती पडणारी पिशवी मात्र एकसारखी असावी. ती कोणत्या वहीतून आली, हे त्याला कळायचे कारण नाही.

शेजाऱ्याविषयी तर संदिग्धता मुळीच नाही. शेजारी उपाशी असताना पोटभर जेवून झोपणाऱ्याच्या ईमानाविषयीच पैगंबरांनी शंका घेतली आहे. त्यात शेजाऱ्याचा धर्म विचारलेला नाही.

इचलकरंजीने हे २०२० च्या रमजानमध्ये करून दाखवले. तिथल्या मुस्लिम समाजाने ईदचा खर्च टाळून, जकातीसह गोळा केलेल्या ३६ लाख रुपयांतून, इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात १० खाटांचा अतिदक्षता विभाग उभा केला. २५ मे २०२० रोजी, ईदच्या दिवशी, तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी त्याचे दूरदृश्य प्रणालीने उद्घाटन केले. त्या खाटेवर कोण झोपेल, हे देणाऱ्यांनी विचारले नाही. याच काळात देशात अनेक ठिकाणी भाजीवाल्याचे नाव विचारून भाजी घेतली जात होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दहा खाटांचे मोल कळते.

तेव्हाच्या औरंगाबादेतला अनुभव तर थेट अन्नाचा आहे. तिथे डिसेंबर २०१५ मध्ये युसूफ मुकाती यांनी रोटी बँक सुरू केली. सभासद कुटुंबाने घरच्या स्वयंपाकातून किमान दोन पोळ्या आणि भाजी आणून जमा करायची, गरजवंताने येऊन न्यायची. योजना म्हणून यात काही भव्य नाही. पण दोन पोळ्या हे असे माप आहे की ते कुणालाही जड होत नाही, आणि जे जड होत नाही तेच टिकते.

मारुंजीत काय करता येईल

मारुंजीसारख्या गावाला यासाठी मोठी इमारत नको. कोरडी, उंदरांपासून सुरक्षित अशी एक खोली, एक वजनकाटा, एक वही आणि आलटून पालटून बसणारी चार-पाच माणसे पुरेत. ती माणसे एकाच मंडळाची, एकाच पक्षाची किंवा एकाच धर्माची नसावीत. ग्रामपंचायतीचा एक सदस्य, एखाद्या सोसायटीची प्रतिनिधी, मशिदीचा एक, मंदिराचा एक आणि गावातली आशा सेविका. कोणत्या घरात आजारी माणूस आहे आणि कोणत्या घरात चूल पेटलेली नाही, हे आशा सेविकेइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक नसते.

काय साठवायचे, यालाही विचार लागतो. गव्हापेक्षा पीठ बरे, कारण निर्बंधांत गिरणीही चारच तास उघडी असे. तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, तिखट, साखर, चहा आणि साबण. ज्याच्या खोलीत गॅस नाही त्याला शिधा देऊन उपयोग नाही. त्याच्यासाठी शेजारच्या खानावळीतून डबा घ्यावा. तसे केले तर बंद पडत आलेल्या खानावळीलाही चार पैसे मिळतात आणि पोळ्या लाटणाऱ्या मावशीचे काम टिकते. विलगीकरणातल्या घराच्या दाराशी डबा ठेवून, कडी वाजवून दूर व्हावे.

कागद मागू नयेत. एखादा दोनदा घेऊन जाईल, ही भीती खरी आहे. पण साथीत दोनदा नेणाऱ्याने फार तर पाच किलो पीठ जास्त नेले, असे होईल. कागद नाही म्हणून परत पाठवलेला माणूस मात्र पुन्हा येत नाही. आणि फोटो काढू नयेत. उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये, ही शिकवण इस्लामने दिली आहे, पण ती एकट्या इस्लामची नाही. कालपर्यंत भाडे वेळेवर भरणारा माणूस पिशवी घ्यायला येतो तेव्हा त्याला सर्वांत जास्त धास्ती असते ती शेजाऱ्याच्या मोबाइलवर आपला चेहरा दिसण्याची.

हे सारे सरकारचे काम आहे, असे म्हणणारे चुकत नाहीत. अन्न हा कायद्याने दिलेला हक्क आहे आणि धान्य बँक त्याची जागा घेऊ शकत नाही. तिने घेऊही नये. उलट तिने आपल्या वहीतल्या प्रत्येक कुटुंबाचे रेशनकार्ड, त्यावरचा शिक्का आणि कामगार नोंदणी यांसाठी पाठपुरावा करावा. वहीतली नावे कमी होत जाणे, हेच तिच्या कामाचे यश. पण अर्ज मंजूर व्हायला महिने लागतात, आणि लेकरू तेवढे दिवस थांबत नाही.

२०२१ मध्ये ईद १४ मे रोजी आली. कापडाची दुकाने बंद होती, नवे कपडे त्या वर्षी बहुतेक घरांत शिवले जाणार नव्हते. अशा पैशाचे काय करायचे, हे प्रत्येक घर ठरवते. त्यातले निम्मे जरी पीठ-डाळीच्या रूपाने एका खोलीत जमले, तरी ईदच्या सकाळी मारुंजीच्या पत्र्याच्या खोल्यांत शीरखुर्मा नसला तरी चुलीवर काहीतरी असेल. नांदेडच्या मजुराच्या चुलीवरही. आणि ईदनंतरच्या महिन्यात, गाड्या पुन्हा विरळ होतील तेव्हा, त्या खोलीचे दार उघडे असेल.